हंगेरीतल्या गरम पाण्याकाठचा मुक्काम : आपले अनुभव लिहा

वज्रेश्वरी, गणेशपुरी, अरवली, उन्हवरे... गरम पाण्याची कुंडं आपल्याला नवी नाहीत. पण तिथे स्नान झालं, दर्शन झालं की आपण निघतो. पश्चिम हंगेरीत अशा पाण्याभोवती राहणं, खेळणं आणि उपचार हे सगळं एकत्र उभं राहिलंय. ब्युक, शारवार, हेवीझ इथे राहून आला असाल तर सविस्तर लिहा.

•

आम्ही व्हिएन्नाकर. ब्युक सीमेपलीकडे लगेचच. १९५७ साली तेलासाठी खोदताना तिथे ५८ अंशांचं पाणी लागलं; आता ते निववून कुंडांत सोडतात. नवरा सकाळी १८ होलच्या मैदानावर गोल्फ खेळतो, मी टेनिस. दुपारी कोमट कुंडात पाय सोडले की पोटऱ्या सैलावतात. मुलूख सपाट, त्यामुळे मुलांनाही सायकल झेपते.

•

मी आईला हेवीझला नेलं होतं, तिच्या गुडघ्यांसाठी. हे कुंड नव्हे, अख्खा तलाव आहे. सुमारे ३८ मीटर खोल, तळाच्या गुहेतून झरा सतत वर येत असतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही पाणी साधारण २३-२४ अंशांखाली जात नाही. पाय टेकत नाहीत; लोक कमरेला रबरी कडं अडकवून निवांत तरंगतात. आईला पोहता येत नाही, तरी कठड्याला धरून ती आनंदात होती. पाण्यावरची लाल कमळं मूळची भारतातली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे लावलेली. हे कळल्यावर ती प्रत्येकाला "ही आमच्याकडची" म्हणून दाखवत होती!

उपचार मात्र डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घेऊ नका. डॉ. कारोय मोल यांनी तिथेच सुरू केलेली एक पद्धत आहे : माणसाला पाण्यात उभं टांगून, वजनं लावून मणक्याला ताण देतात. आईच्या बाबतीत डॉक्टरांनी त्याला नकार दिला, फक्त चिखलाचा लेप आणि पाण्यातला व्यायाम सांगितला. तेवढ्यानेही तिला जिना चढताना बरं वाटू लागलं.

•

शाकाहाऱ्यांनो, लांगोश खा. भटुऱ्यासारखी तळलेली गरम पोळी, वर लसूण, आंबट साय, किसलेलं चीज. हॉटेलच्या जेवणात मांस फार, आधीच सांगून ठेवा.

•

ताई, आईंचा अनुभव वाचून फार बरं वाटलं. मी बालाटोन सरोवराभोवती सायकल चालवायला गेलो होतो, जवळपास २०० किलोमीटरचा फेरा. रोजचा टप्पा संपल्यावर गरम पाण्याची ओढ लागते, पण दम खाली बसल्याशिवाय उतरू नका. आधी पाणी प्या, अर्धा तास थांबा. कुंडातही वीसेक मिनिटं पुरेत, मग आडवं होऊन विश्रांती. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच.

•

वरच्या सगळ्यांना धन्यवाद. सप्टेंबरात सासूबाईंना घेऊन जायचं ठरतंय. तलावाच्या चालत्या अंतरावर, लिफ्ट असलेलं ठिकाण कुणी सुचवेल का?