पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या हॅश इंडेक्सला अजून किती दिवस वाळीत टाकणार?

खटपट्या: टेबलातल्या ओळी पटकन सापडाव्यात म्हणून इंडेक्स टाकताना हॅश इंडेक्सचं नाव काढलं की 'नको रे बाबा, बी-ट्रीच (किमती क्रमाने ठेवणारा, झाडासारखा नेहमीचा इंडेक्स) टाक' हे उत्तर ठरलेलं. मला पटत नाही. कॉलममध्ये लांबलचक यूआरएल आहेत आणि शोध कायम 'बरोबर' चिन्हानेच होतो, तर हॅशच हवा. यूआरएलचा ३२ बिटांचा आकडा (हॅश) काढायचा, त्यावरून बकेट (इंडेक्समधला कप्पा) ठरते, थेट त्या पानावर जायचं. इंडेक्समध्ये फक्त तो आकडा आणि ओळीचा पत्ता. बी-ट्रीत अख्खी यूआरएल बसवावी लागते. २७०० बाइटांच्या आसपास मर्यादा ओलांडली की इन्सर्टच अडतो.

जुनाट_डीबीए: वाळीत उगाच नाही टाकलं. २०१७ मध्ये आवृत्ती १० येईपर्यंत हॅश इंडेक्समधले बदल वॉलमध्ये (डेटाबेसच्या बदलांच्या नोंदवहीत) लिहिलेच जात नव्हते. सर्व्हर पडला की बसा रीइंडेक्स करत (इंडेक्स नव्याने बांधत). रेप्लिकावर (सर्व्हरच्या दुसऱ्या प्रतीवर) तर त्याचा भरवसाच नव्हता.

खटपट्या: अहो काका, तो दोष गेला की! अजून किती वर्षं उगाळणार?

मीठभाकर: दोष गेला, मर्यादा कुठे गेल्या? पल्ल्यातला शोध नाही, ऑर्डर बाय (क्रमाने मांडणी) नाही, युनिक (एकच किंमत दोनदा येऊ न देणं) नाही, दोन कॉलम एकत्र नाहीत. वेगाचं म्हणाल तर कोट्यवधी ओळींची बी-ट्रीही चार-पाच पातळ्यांचीच असते आणि वरच्या पातळ्या बहुधा मेमरीतच सापडतात.

बिनकामाचा_बिट: दोन यूआरएलचा आकडा एकच निघाला तर चुकीची ओळ येईल का?

जुनाट_डीबीए: नाही. टेबलातली मूळ ओळ पुन्हा ताडून पाहिली जाते. खरी पंचाईत 'स्टेटस'सारख्या कॉलमवर होते. किमती तीनच, म्हणजे तीनच बकेटा ठासून भरणार आणि मागे ओव्हरफ्लो (जादा जोडलेल्या) पानांची रांग. तिथे हॅश टाकणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

खटपट्या: मी स्टेटसवर टाका म्हटलंच नव्हतं.

मीठभाकर: मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांकडे बघा. त्यांच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात 'यूझिंग हॅश' लिहिलं तरी बी-ट्रीच बनते. मेमरीत आपोआप बनणारा अडॅप्टिव्ह हॅशसुद्धा ८.४ पासून डीफॉल्टने बंद. तुमच्या यूआरएलला माझा उपाय: एमडी५ (ठरावीक लांबीचा हॅश) काढून त्यावर बी-ट्री. लांबीची कटकट मिटते, वर युनिकही मिळतं.

खटपट्या: म्हणजे हॅश तुम्हालाही लागलाच, फक्त हाताने काढलेला! आणि प्रत्येक क्वेरीत एमडी५ लिहायला विसरलं की सगळं टेबल चाळायचं, ते कोण निस्तरणार?

मीठभाकर: कोड रिव्ह्यू कशासाठी असतो मग?