सिलिकॉनची घाई नको
राहायच्या ट्रेलरची (गाडीमागं ओढायच्या फिरत्या घराची) खिडकी गळते, म्हणून तिच्याभोवती बाहेरून सिलिकॉन (फटी बुजवायचा रबरी लेप) फिरवायचा सल्ला इथे कुणीतरी दिलाय. नका हो! आत शिरलेलं पाणी कोंडून प्लायवूड कुजतं, आणि त्या थरावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. आधी चौकटीच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं बघा. ती मातीनं बुजली की सरकत्या काचेच्या खाचेत साचलेलं पाणी थेट आत उतरतं. दात कोरायच्या काडीनं काम होतं. मग पाइपनं खालून वर सावकाश पाणी मारा, आत एकजण टॉर्च घेऊन. पाणी छताच्या सांध्यापर्यंत नेल्यावरच गळालं तर बिचारी खिडकी निर्दोष! तीच दोषी निघाली तर चौकट काढून तिच्यामागची जुनी टेप खरवडा, लाकूड खडखडीत वाळू द्या, नवी ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावा. स्क्रू मात्र समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.