प्रभूची प्रार्थना दोन ठिकाणी का थांबते?

प्रश्न (भायखळा): मी मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत लहानाची मोठी झाले. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आम्ही 'राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत' या शब्दांपर्यंत एका दमात म्हणतो. मैत्रिणीबरोबर माहीमच्या सेंट मायकल या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला (भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेला) गेले, तेव्हा 'वाईटापासून सोडव' येथे सर्व जण थांबले, धर्मगुरूंनी एकट्यांनी एक प्रार्थना म्हटली आणि त्यानंतर तेच शब्द लोकांनी उच्चारले. यामागे काही अर्थ आहे, की ही केवळ रूढी आहे?

उत्तर (वांद्रे): अर्थ आहे, आणि त्याआधी इतिहासही आहे. ही प्रार्थना बायबलमधील लूक व मत्तय यांच्या शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) येते. लूकच्या शुभवर्तमानात 'राज्य, सामर्थ्य व गौरव' हे स्तुतिवाक्य नाही. मत्तयाच्या चौथ्या शतकातील सर्वांत जुन्या हस्तलिखितांतही ते आढळत नाही. मात्र 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगताना शेवटी 'सामर्थ्य व गौरव तुझेच' असे शब्द दिले आहेत. प्रार्थनेची सांगता देवाच्या स्तुतीने करण्याची यहुदी परंपरा पाहता, उपासकांच्या ओठांवरचे हे वाक्य पुढे ग्रंथात उतरले असावे, हे मला पटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965 मधील कॅथलिक धर्माध्यक्षांची सभा) मिस्साविधीची फेररचना झाली, तेव्हा ते कॅथलिक उपासनेत लोकांच्या तोंडी आले. मधली प्रार्थना 'वाईटापासून सोडव' हीच विनंती पुढे नेते: आमच्या दिवसांत शांती दे, आणि तारणाऱ्याच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या आम्हांला पापापासून मुक्त ठेव. त्यावर लोकांनी दिलेला होकार म्हणजे ती स्तुती.

उत्तर (गोराई): मिस्सातील या प्रार्थनेच्या जागेकडेही अवश्य पाहावे. पोप ग्रेगरी द ग्रेट (590 ते 604) यांनी तिला भाकर-द्राक्षारसावरील मुख्य प्रार्थनेच्या लगेच नंतर स्थान दिले. त्यामुळे 'रोजची भाकर आज दे' हे शब्द वेदीवरील भाकरीसमोर उच्चारले जातात. 'आम्ही जशी क्षमा केली तशी आम्हांला कर' असे म्हटल्यावर थोड्याच वेळात शेजाऱ्याला शांतीचे अभिवादन द्यायचे असते, मग भाकर मोडली जाते आणि त्यानंतरच ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती भाकर ग्रहण करणे. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो, कारण ज्याच्याशी अबोला आहे तो कधीकधी त्याच बाकावर बसलेला असतो.

प्रश्नकर्ती: आपल्या उत्तरांमुळे तो क्रम लक्षात आला. मग आमची प्रॉटेस्टंट परंपरा वेगळी कशी पडली?

उत्तर (वांद्रे): इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या 1549च्या प्रार्थनापुस्तकात हे वाक्य नव्हते, 1662च्या पुस्तकात काही ठिकाणी ते आले. शिवाय प्रॉटेस्टंट भाषांतरे ज्या ग्रीक पाठावरून झाली त्यात ते होतेच. त्यामुळे प्रॉटेस्टंट मंडळींत ते मूळ प्रार्थनेचाच भाग म्हणून रुजले.