व्हर्च्युअल भिंतीला टेकलं की हँडल थरथरतं, मोटर बदलू का?

प्रश्न (मेकॅनिकल, तिसरं वर्ष)

आमच्या मॅडमचं संशोधन रोबोटिक्स आणि हॅप्टिक्समध्ये (यंत्रातून हाताला स्पर्श आणि जोर जाणवून देण्याचं तंत्र) आहे. त्यांच्या लॅबमध्ये पेनासारखं टोक धरून मी पडद्यावरचा गोळा चाचपला आणि तो खरोखर हाताला लागला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. म्हणून स्वतः एक साधं यंत्र केलंय: एक मोटर, एन्कोडर (हँडल कुठे आहे ते मोजणारा सेन्सर), मायक्रोकंट्रोलर आणि हँडल. हँडल शून्याच्या पलीकडे गेलं की भिंत, जितकं आत जाईल तितका स्प्रिंगसारखा उलटा जोर.

स्टिफनेस, म्हणजे या स्प्रिंगचा ताठपणा, ३०० ठेवला तर भिंत उशीसारखी लागते. २००० न्यूटन प्रति मीटर केला की हँडल गुणगुणतं. घट्ट धरलं की थांबतं, सैल सोडलं की पुन्हा सुरू. कोडमध्ये डॅम्पिंग (वेगाला होणारा विरोध) वाढवलं तर आणखीच किरकिर. जागा वाचून जोर ठरवणारा लूप सेकंदाला २०० वेळा फिरतो, आकडे पडद्यावर छापणारं प्रिंटही त्यातच आहे. मोटर कमी पडतेय का?

उत्तर १

मोटर राहू द्या. मी रोबोटिक्स शिकवतो, आणि माझ्याकडे हे यंत्र करणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी इथेच अडकतो.

घट्ट धरल्यावर थांबतं, ही तुमची नोंद सगळ्यात कामाची. हात ऊर्जा शोषून घेतो म्हणून थांबतं, म्हणजे ती ऊर्जा भिंतच देतेय. तुमचा प्रोग्राम ५ मिलिसेकंदांनी एकदा पाहतो आणि मधल्या वेळात जुनाच जोर लावून धरतो. आत जाताना तो खऱ्या स्प्रिंगपेक्षा कमी पडतो, बाहेर येताना जास्त. त्यामुळे प्रत्येक टेकण्यात भिंत घेते त्याहून अधिक परत देते.

एड कोलगेट आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात याची अट मांडली: स्टिफनेसला लूपच्या वेळेने गुणा, निम्मं करा, त्यात कोडमधलं डॅम्पिंग मिळवा. यंत्राचं अंगचं डॅम्पिंग या बेरजेहून जास्त हवं. तुमचे आकडे घातले तर २००० × ०.००५ ÷ २ = ५ न्यूटन-सेकंद प्रति मीटर, आणि हलक्या हँडलमध्ये एवढं असणं कठीण. लूप सेकंदाला १००० वर नेलात तर हाच आकडा १ होतो. डोळ्यांना सेकंदाला ६० चित्रं चालतात, पण हॅप्टिक्समध्ये १००० चा आग्रह धरतात त्यामागे हे गणितही आहे.

कोडमधलं डॅम्पिंग बेरजेत कुठे बसलंय तेही पाहा. ते मदतीला येत नाही, उलट अट कडक करतं. शिवाय वेग एन्कोडरच्या पायऱ्यांवरून काढायचा, म्हणजे तोही खडबडीत. प्रिंट आजच लूपबाहेर काढा.

उत्तर २

सरांचं बरोबर आहे, एक भर घालते. मी शस्त्रक्रियेच्या सरावाचे सिम्युलेटर करणाऱ्या गटात होते. वर्षभर आम्ही स्टिफनेसच वाढवत बसलो, तरी हाड रबरासारखंच लागायचं.

टेबलावर पेन आपटून पाहा. लाकूड कळतं ते त्या पहिल्या क्षणी, बोटांत उमटून विरणाऱ्या कंपनामुळे. बोटांतले कंपन टिपणारे पॅसिनियन ग्राहक साधारण २०० ते ३०० हर्ट्झला फार संवेदनशील असतात. कॅथरीन कुशेनबेकर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की टेकण्याच्या क्षणी असं छोटं कंपन मोटरकडून दिलं तर भिंत खूपच खरी वाटते. आपटण्याचा वेग जास्त तर कंपन मोठं, एवढं सांभाळा. स्टिफनेस बेताचाच ठेवला तरी चालतो.

प्रश्नकर्ता

प्रिंट बाहेर काढलं, टायमर इंटरप्टवर (ठरल्या वेळी लूप चालवणारी सोय) लूप १००० ला आणला, कोडमधलं डॅम्पिंग शून्य केलं. १५०० पर्यंत हँडल शांत! २००० ला सैल धरलं तर अजून किंचित गुणगुण आहे. हँडलला ॲल्युमिनियमची पट्टी लावून शेजारी चुंबक ठेवला तर खरं डॅम्पिंग मिळेल ना, सर?

उत्तर १

मिळेल, एडी करंटमुळे, म्हणजे चुंबकाजवळून जाताना पट्टीत तयार होऊन तिला रोखणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे. पण भिंतीपासून दूर असतानाही हँडल मधात फिरवल्यासारखं लागेल, आणि मोकळी हवा मोकळी वाटणं मला भिंतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. आधी १५०० वर ताईंचं कंपन घालून पाहा. मग चुंबक लांबून हळूहळू जवळ आणा, आणि प्रत्येक वेळी हँडल सैल धरूनच तपासा.