अनुभव धागा: गेम बंद झाला तेव्हा तुमच्याकडं काय झालं?

मंडळी, २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलसह ११८ ॲप बंद झाली. १४ फेब्रुवारी २०२२ ला ५४ ॲपच्या यादीत फ्री फायर गेलं. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतापुरता अवतार, प्ले स्टोअरवरनं गायब, आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या बोलीवर परत. दर वेळी टीव्हीवर चर्चा झाली ती चीन, डेटा आणि सुरक्षेची. सुरक्षेचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पण आदेश निघतो कंपनीवर, आणि नुकसान कुणाकडं भरून मागायचं हे खेळणाऱ्याला कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कन्नडपासून किनवटपर्यंत कुठलंही गाव चालेल. खेळणारे, दुकानदार, घरचे, सगळ्यांनी लिहा. बंदी योग्य वाटली असेल तर तेही लिहा.

पोचिंकीचा पाटील, औसा

बारावीला होतो. कोरोनात लातूरचे क्लास बंद, म्हणून घरीच. बातमी आली तेव्हा वाटलं आता लगेच बंद पडणार, पण नाही पडला. स्टोअरवरनं गेला, फोनातला चालूच. घाबरून डिलीट केलेले तेवढे फसले. मग ३० ऑक्टोबरला सर्व्हरच बंद होणार असं टेनसेंटनं, म्हणजे गेम चालवणाऱ्या चिनी कंपनीनं, आदल्या दिवशी जाहीर केलं.

त्या रात्री आमचा स्क्वॉड म्हणजे मी, आत्याचा पोरगा आणि निलंग्याचे दोघं, ज्यांची तोंडं मी अजूनही बघितलेली नाहीत. ठरवलं की आज कुणाला मारायचं नाही, नुसती गाडी घेऊन एरंगेलभर, म्हणजे गेममधल्या नकाशाभर, हिंडायचं. पुलावर गेलो आणि कुणीतरी चौघांनाही उडवलं. तिकडंच हसत बसलो, माईक चालू ठेवून. आई म्हणाली, येडे झालात का रे.

जुलै २०२१ ला क्राफ्टन या कोरियन कंपनीनं बीजीएमआय आणलं. फेसबुक-ट्विटरवरनं लॉगिन असलेल्यांचा जुना डेटा आला, कपडे, बंदुकीच्या स्किन, सगळं. निलंग्याचा एकजण गेस्ट खात्यावर, म्हणजे लॉगिन न करता, खेळायचा, त्याचं सगळं गेलं. गल्लीतल्या लेकरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशाचे युसी, म्हणजे गेममधले पैसे, होते ते. अर्ज कुठं करायचा? गेमच्या अटी वाचल्या तर त्यात लिहिलेलंच असतं की वस्तू तुमची नाही, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे.

मोबाईलवाला, अंबाजोगाई

२०२२ ला बीजीएमआय गेला तेव्हाचं सांगतो. स्टोअरवर नाही, पण ज्याच्या फोनात आधीपासून आहे त्याचा चालतोय. मग पोरं जुना फोन विकायला आणली की विचारायची, "दादा, गेमसकट किती देता?" फॉरमॅट न मारलेल्या फोनाला चार पैसे जास्त मिळायचे. एका फोनातला गेम दुसऱ्यात टाकायचा, तर शेअरइट आणि झेंडर दोन्ही जून २०२० च्या ५९ ॲपच्या बंदीच्या यादीतच गेलेले!

आणि हा फोन कुठला? रेडमी, विवो, ओप्पो, रियलमी. माझ्या काउंटरच्या काचेखाली बहुतेक तेच असतात. चिनी फोन चालतो, त्यातला कोरियन कंपनीचा गेम चालत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावता समजावता नाकी नऊ आले.

खरा ताप एपीकेचा, म्हणजे स्टोअरबाहेरनं ॲप टाकायच्या फाईलचा. टेलिग्रामवरनं कुठनं तरी उचललेली फाईल टाकली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते. गेमला तुमच्या मेसेजशी काय करायचंय? एका पोराच्या वडिलांच्या खात्यातनं सोयाबीनचे पैसे गेले. कशानं गेले ते शेवटपर्यंत ठरलं नाही, पण फोन माझ्याकडं आला तेव्हा त्यात तसल्या फायली होत्या. तवापासून कुणी कितीही गळ घातली तरी मी कुणाच्या फोनात एपीके टाकत नाही. डेटा वाचवायला गेम काढला, आणि पोरांनी त्याच गेमसाठी सगळा फोन कुणा अनोळख्याच्या हाती दिला.

गुरुजी, गेवराई तालुका

आमच्या वस्तीवरचे निम्मे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लेकरं आजीजवळ. २०२० ला शाळा मोबाईलवर आली तशी घराघरात फोन आले. स्वस्तातल्या फोनावरही पळतं म्हणून आमच्याकडं पबजीपेक्षा फ्री फायरच जास्त. ते काढणारी गरेना कंपनी सिंगापूरची, पण तिच्या मूळ कंपनीत टेनसेंटचा वाटा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते बंद झाल्याचं कळलं तेव्हा शाळेत आम्ही फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

लगेचच कळलं की फ्री फायर मॅक्स, त्याच गेमची भारी आवृत्ती, यादीतच नव्हतं. खातं तेच, बंदुका त्याच, पोरं तिकडं गेली. थोडा भारी फोन लागतो म्हणून आजीच्या मागं नव्या फोनाचा हट्ट मात्र सुरू झाला.

२०२३ ला बीजीएमआय परत आलं ते अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा, अशी मर्यादा घेऊन. लहान असेल तर पालकाच्या नंबरवर ओटीपी. कागदावर उत्तम. पण पालक सांगलीकडं फडात कोयता चालवतायत, आणि त्यांच्या नावाचं सिम लेकराच्या हातातल्या फोनात. ओटीपी मागणारा तोच, देणारा तोच. एका आजीला समजवायला गेलो तर म्हणाली, "गुरुजी, पोरगं डोळ्यापुढं बसलंय, हिरीवर जाईना गेलंय, मला तेवढंच बास." पुढं काय बोलणार मी?

माजी सैनिक, परभणी

१५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. दोन आठवड्यांनी, २९ जूनला बंद ॲपची पहिली यादी आली. मला विचारलं असतं तर आणखी मोठी यादी दिली असती. रडकुंडीला आलेल्या पुतण्याला तेच सुनावलं.

पण त्यानं उलट विचारलं. कॉल ऑफ ड्युटी मोबाईल टेनसेंटच्याच स्टुडिओनं बनवलेलं, व्हॅलोरंट गेमवाली रायट कंपनी पूर्ण टेनसेंटच्या मालकीची. काका, ते दोन्ही कसे चालू? मला सांगता आलं नाही. इथं कुणी जाणकार असेल तर लिहावं.

कोडवाली, छत्रपती संभाजीनगर

काका, तुमच्या पुतण्याला उत्तर मिळणार नाही, पण का मिळणार नाही ते सांगते. ही बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली होते, आणि त्याचे २००९ चे नियम म्हणतात की तक्रार आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची. बाहेर येतं ते प्रसिद्धीपत्रक. अमुक गेम का आणि तमुक का नाही, हे त्यात नसतं. मला सगळ्यात खटकतं ते हेच. बंदी घाला, पण निकष सांगा, म्हणजे उद्या काय चालेल याचा अंदाज घेऊन माणूस पैसा आणि वर्षं घालेल.

आमचा चार जणांचा गेम बनवायचा छोटा स्टुडिओ होता. चीनमधल्या शेन्झेनच्या एका गुंतवणूकदाराशी बोलणी चालू होती. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं नियम केला की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातून गुंतवणूक यायची तर आधी सरकारी मंजुरी. समोरच्यानं मेलला उत्तर देणंच सोडलं. तेव्हा जो तो म्हणायचा, आता देशी गेमला चांगले दिवस. कसले? तसला गेम उभा करायला शेकडो माणसं, कैक वर्षं आणि सर्व्हरचा खर्च लागतो. फौजी हा देशी गेम गाजावाजा करत २६ जानेवारी २०२१ ला आला, तर त्यात सुरुवातीला एकमेकांविरुद्ध खेळायची सोयच नव्हती! पोरांना हवं होतं नेमकं तेच. समोरचं दुकान बंद केल्यानं आपल्या दुकानात माल येत नाही. मी सध्या बँकांची ॲप बनवते.

रश_नांदेड

माझं थोडं वेगळं. जून-जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर लागली होती. वडील पहिल्यांदा सोफ्यावर बसून बघायले, आणि विचारायले, "ह्यो लाल कपड्यातला तुझ्यासारखाच खेळतो का?" त्या आठवड्यात माझी घरातली किंमत वाढली. १७ जुलैला स्पर्धा संपली, २८ ला गेमच गेला. एका संघाशी माझी बोलणी पक्की होत आली होती, ते फोन उचलेनात. वडिलांनी टोमणा मारला नाही, उलट पिकअपचं स्टिअरिंग हातात दिलं. वर्षभर भोकरहून हळद वाहिली.

डिसेंबर २०२२ ला ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, क्रीडा मंत्रालयाकडं गेलं, आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यानं पैसे लावायचे खेळ बंद करून ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. रमीत बुडालेले दोघं माझ्याच गल्लीत आहेत, त्यामुळं त्याचं मला बरंच वाटलं. घोळ एवढाच की पन्नास-पन्नास रुपये काढून आम्ही जी कस्टम रूम, म्हणजे गेममधला आपसातला खासगी सामना, लावायचो ती आता कशात मोडते, हे विचारलं तर दोन वकील दोन उत्तरं देतात. म्हणून फीच बंद केली.

पुढच्या रविवारी नांदेडला स्क्वॉड स्पर्धा आहे. एंट्री फुकट, बक्षीस म्हणून हेडफोन, एका दुकानदारानं दिलेत. अठराच्या खालच्यांनी घरचं मोठं माणूस सोबत आणा, गुरुजींचा तो ओटीपी इथं चालणार नाही. लाईटचा भरोसा नाही, पॉवर बँक आपापली आणा. स्टोअरवरनं घेतलेलाच गेम पाहिजे. एपीकेवाल्यांना दारातनंच परत पाठवण्यात येईल.