धडात घुसलेला सुरा आणि जगण्याचा टक्का : आकड्यावर किती विसंबावे?

शल्यक :
आमच्या रुग्णालयातील मृत्यू-आढावा बैठकीत मागच्या महिन्यात दोन केसपेपर शेजारीशेजारी ठेवले गेले. दोघेही रुग्ण तिशीच्या आतले आणि दोघांनाही पोटात भोसकलेले होते. एकाला वीस मिनिटांत टेबलावर घेतले गेले. दुसरा सोनोग्राफी, रक्ताची जुळवाजुळव आणि 'वरिष्ठांना कळवले आहे' या शेऱ्याखाली दीड तास कॅज्युअल्टीतच राहिला. फरक कशामुळे पडला, याचे प्रामाणिक उत्तर त्या रात्री ड्युटीवर कोण होते, एवढेच निघाले.

म्हणून मी असा प्रस्ताव मांडला आहे की, छाती वा पोटात घुसलेली जखम आणि मोठा रक्तस्राव असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर जगण्याची अंदाजी शक्यता टक्क्यांत लिहावी आणि ऑपरेशनचा अग्रक्रम, रक्ताच्या पिशव्या व रेफर करण्याचा निर्णय तिच्याशी बांधावा. साधने तयार आहेत. 1987 साली मांडलेली ट्रिस पद्धत शुद्धीची पातळी, सिस्टॉलिक बीपी, श्वासाचा वेग, जखमांची तीव्रता आणि वय यांवरून शक्यता काढते, आणि भेदक, म्हणजे आत घुसलेल्या, जखमांसाठी तिचे गुणांक वेगळे आहेत. 2012 साली क्रॅश-2 या, रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड औषधाच्या चाचणीतील वीस हजारांहून अधिक रुग्णांवरून आणखी एक गणिती प्रतिमान तयार झाले, ज्यात जखमेपासून गेलेला वेळही धरला आहे. आमच्या रक्तपेढीत कित्येक रात्री ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या असतात. त्या कोणाला द्यायच्या हे अंतःप्रेरणेवर सोडणे मला पटत नाही. आपली मते हवी आहेत, विशेषतः विरोधी.

रात्रपाळी :
विरोधी मत देतो, आणि त्यासाठी एकच रुग्ण पुरेसा आहे. चोवीस वर्षांचा मुलगा, उजव्या बरगड्यांखाली सुऱ्याचा एक घाव, जखम दोन बोटांची. पूर्ण शुद्धीत होता आणि स्वतःचे नाव, गाव, भांडण कोणाशी झाले हे सगळे सांगत होता. बीपी 92, नाडी 128, श्वास मिनिटाला 26.

आता गणित करा. ट्रिसचा एक भाग असलेल्या सुधारित ट्रॉमा स्कोअरमध्ये सिस्टॉलिक 89च्या वर असले की पूर्ण चार गुण मिळतात, मग ते 92 असो की 130. श्वास 10 ते 29 असला की पूर्ण गुण, शुद्धी ग्लासगो मोजपट्टीवर 13 ते 15 असली की पूर्ण गुण. म्हणजे गुणांना भारांक लावून या मुलाला 7.8408 मिळतात, जो त्या मोजपट्टीवरचा सर्वोच्च आकडा आहे. तुम्हाआम्हाला बसल्या जागी मिळेल तोच. नाडी या स्कोअरमध्ये मोजलीच जात नाही. तरुण माणसाचे शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवते, आणि शरीरातले जवळपास तीस टक्के रक्त जाईपर्यंत आकडा फारसा ढळत नाही, हे आपण सर्वांनी शिकलेले आहे.

पोट उघडल्यावर यकृत खोलवर फाटलेले दिसले, शिवाय ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) आणि जाड आतड्याला छिद्रे होती. यकृताच्या जखमेची श्रेणी पाच, म्हणून आयएसएस, म्हणजे ट्रिसमधला जखमांच्या तीव्रतेचा आकडा, पाचाचा वर्ग 25. ट्रिसच्या भेदक जखमांच्या गुणांकांनी जगण्याची शक्यता 97 टक्के येते. मुलगा टेबलावरच गेला.

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. आयएसएस हा पोट उघडल्यावर कळतो. ज्या आकड्यासाठी आधी पोट उघडावे लागते, त्या आकड्यावरून पोट केव्हा उघडायचे हे तुम्ही कसे ठरवणार?

आकडेमोड :
मी डॉक्टर नाही, ट्रॉमा नोंदींच्या सांख्यिकीचे काम करतो. त्यामुळे टेबलावरचे दुःख माझ्या वाट्याला येत नाही हे मान्य करूनच लिहितो. 97 टक्के याचा अर्थ शंभरातील तीन जण जातात. तुमचा रुग्ण त्या तिघांतला असू शकतो, आणि एका मृत्यूने ती शक्यता खोटी ठरत नाही.

मात्र येथे हत्यारच चुकीचे उचलले आहे. ट्रिसचा जन्म एका रुग्णालयाचे निकाल दुसऱ्याशी पडताळण्यासाठी झाला. ते वर्षाअखेरीस हिशेब तपासण्याचे साधन आहे, दाराशी उभे राहून वापरण्याचे नव्हे. आयएसएसची खोडही जुनीच आहे : तो शरीराच्या प्रत्येक भागातील एकच सर्वांत गंभीर जखम धरतो, त्यामुळे एकाच घावाने पोटातील तीन अवयव फाटले तरी उरलेले दोन मोजलेच जात नाहीत. 1997 साली आलेल्या सुधारित आयएसएसमध्ये भाग न पाहता तीन सर्वांत गंभीर जखमांच्या श्रेणींचे वर्ग मिळवतात. ड्युओडेनम आणि आतड्याची श्रेणी तीन-तीन धरली, तर तुमच्या रुग्णाचा आकडा 25 वरून 43 वर जातो.

आता त्याच मुलाला मोठ्या प्रमाणावर रक्त लागेल का हे सांगणारा 2009 सालचा एबीसी स्कोअर लावून पाहा. जखम भेदक, एक गुण. नाडी 120 किंवा अधिक, एक गुण. सोनोग्राफीत पोटात द्रव दिसला असेल, तर आणखी एक. बीपी 90 किंवा कमी नाही, म्हणून तो गुण नाही. चारपैकी तीन. दोन गुणांनाच मोठ्या प्रमाणावर रक्त लागण्याची तयारी करावी असे मानतात. हे गणित यंत्राशिवाय, अर्ध्या मिनिटात होते. तेव्हा आकडे खोटे बोलत नव्हते. प्रश्न चुकीच्या आकड्याला विचारला गेला.

भूलतज्ज्ञ :
आकडेमोड यांचे बरेचसे पटूनही मी प्रस्तावाच्या विरोधात आहे, कारण भाकीत हे रुग्णाविषयी असते असे आपण गृहीत धरतो आणि प्रत्यक्षात ते बहुतांशी आपल्याविषयी असते.

ह्यूस्टन येथे 1989 ते 1992 या काळात झालेला आणि 1994 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. धडात भेदक जखम आणि सिस्टॉलिक 90 किंवा त्याहून कमी, असे 598 प्रौढ रुग्ण. सम-विषम तारखांप्रमाणे एका गटाला रस्त्यातच सलाईन सुरू केले, दुसऱ्याला ऑपरेशन थिएटरमध्ये पोहोचेपर्यंत जवळजवळ दिलेच नाही. पहिल्या गटाला थिएटरपूर्वी सरासरी सुमारे अडीच लिटर द्रव मिळाला, दुसऱ्याला चारशे मिलिलिटरही नाही. जगले किती? सलाईनवाल्यांपैकी 62 टक्के, थांबलेल्यांपैकी 70 टक्के. दाराशी कोणताही स्कोअर लावला असता, तरी दोन्ही गटांचे भाकीत सारखेच आले असते. फरक पडला तो नंतर आपण काय केले यामुळे.

आणि सलाईनने भाकितालाच कसे फसवले जाते ते मी रोज पाहते. बीपी 70 वर आलेल्या रुग्णाला दोन लिटर वेगाने सोडले की मॉनिटरवर 110 दिसते. स्कोअर सुधारतो, नातेवाइकांना धीर दिला जातो, निवासी डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. आत मात्र नुकती बसलेली गुठळी दाबाने सुटलेली असते, रक्त पातळ झालेले असते, गोठण्याचे घटक विरलेले असतात आणि न तापवलेल्या द्रवाने शरीर गार पडलेले असते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धातील जखमींवरून 1918 सालीच इशारा दिला होता की, शल्यविशारद रक्तस्राव थांबवायला सज्ज होण्याआधी दाब वाढवू नये. आपण तो मधली अनेक दशके विसरलो होतो.

तालुका_आरएमओ :
ह्यूस्टनचे नाव निघाले की आम्हा ग्रामीण रुग्णालयातील लोकांना जरा धास्तीच वाटते. त्या शहरात जखमी माणूस थोड्याच वेळात सुसज्ज ट्रॉमा केंद्रात पोहोचत होता. माझ्याकडून जिल्ह्याच्या ठिकाणी 108 ची गाडी पावसाळ्यात दोन तास घेते, आणि माझ्याकडच्या भेदक जखमांत सुऱ्याइतकाच बैलाच्या शिंगाचा वाटा असतो. 'टेबलावर जाईपर्यंत थांबा' हे वाक्य टेबल जवळ असणाऱ्याने म्हणावे. मनगटावरची नाडी लागेनाशी झाली तर मी अडीचशे मिलिलिटर देतो, पुन्हा बोट ठेवतो, नाडी परत आली की थांबतो. बाल्टिमोरमधील 2002 सालच्या 110 रुग्णांच्या अभ्यासात दाब 70 च्या आसपास ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या आणि 100 च्या वर ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या दोन्ही गटांत चार-चारच मृत्यू झाले होते. तेव्हा कमी दाब हाच तारणहार, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ह्यूस्टनची विभागणीही तारखांवर होती, चिठ्ठ्या टाकून नव्हे.

तरीही मला आकडा हवा आहे, आणि तो फोनसाठी हवा आहे. मी रेफर करतो तेव्हा पलीकडचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "बीपी किती?" मी 92 म्हटले की उत्तर येते, "म्हणजे स्टेबल आहे, पाठवा सकाळी." रात्रपाळी यांच्या त्या मुलाची नाडी 128 भागिले बीपी 92 केले, तर शॉक इंडेक्स 1.4 च्या जवळ जातो. निरोगी माणसात तो 0.5 ते 0.7 असतो. "शॉक इंडेक्स 1.4, एबीसी तीन" असे म्हटले, तर निदान पलीकडच्याला 'स्टेबल' हा शब्द उच्चारताना अडखळावे लागेल. माझ्या पदापेक्षा आकड्याचे वजन जास्त आहे, हे कटू असले तरी खरे आहे.

फिलीकर :
मी मूळचा सांगलीचा, आता फिलाडेल्फियात ट्रॉमा विभागात काम करतो. येथे गोळी लागलेल्या किंवा भोसकलेल्या माणसाला पोलीस स्वतःच्याच गाडीच्या मागच्या बाकावर घालून रुग्णालयात आणतात. 1980 च्या दशकापासूनची ही रीत आहे. सलाईन नाही, स्कोअर नाही, फक्त वेग. 2014 साली चार हजारांहून अधिक रुग्णांची जी तुलना झाली, तीत जखमांची तीव्रता लक्षात घेतल्यावर अँब्युलन्स आणि पोलीस यांच्या एकूण निकालांत ठळक फरक निघाला नाही.

पण मला वेगळाच धोका दाखवायचा आहे. याच शहरातून 1993 साली 'डॅमेज कंट्रोल' शस्त्रक्रियेचा लेख आला : रक्तस्राव बांधा, पोटात पॅकिंग करा, दुरुस्त्या अर्ध्यावर सोडून रुग्णाला आयसीयूत ऊब द्या आणि नंतर पुन्हा उघडा. मोठी रक्तवाहिनी आणि दोन किंवा अधिक अवयव फाटलेल्या रुग्णांच्या छोट्या उपगटात, एकाच वेळी सर्व दुरुस्ती केलेल्या नऊपैकी एक जगला होता. नव्या रीतीने तेरापैकी दहा जगले. आकडे लहान आहेत, पण विचार करा : आधीच्या दशकातील नोंदींवर बेतलेल्या प्रतिमानाने या तेरा जणांना काय टक्का दिला असता? आणि त्या टक्क्यावरून कोणी रक्ताच्या पिशव्या रोखल्या असत्या, तर प्रतिमान 'अचूक' ठरले असते, कारण माणसे मेलीच असती.

भाकीत खरोखर चालते ते अगदी तळाच्या टोकाला. लॉस एंजेलिसमधील 2015 सालच्या अभ्यासात, आपत्कालीन कक्षातच छाती उघडाव्या लागलेल्या 187 रुग्णांत, सोनोग्राफीवर हृदयाची हालचाल न दिसलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही. तेथे थांबण्याचा निर्णय घेता येतो. मधल्या पट्ट्यातील 30, 45 किंवा 60 टक्क्यांना घेऊन खाटेशेजारी नेमके काय करायचे, हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलेले नाही.

शल्यक :
टक्क्याचा रकाना मी मागे घेतो. फिलीकर यांचा शेवटचा मुद्दा मला रात्रभर छळत होता : अंदाज कमी, म्हणून उपचार कमी, म्हणून अंदाज खरा. आमच्याकडे तर हे अधिक सहज घडेल, कारण ट्रिस प्रामुख्याने अमेरिकेतील नोंदींवरची आणि रुग्ण मुंबईच्या शीव, केईएम, दिल्ली किंवा कोलकात्यातले. या ठिकाणच्या चार रुग्णालयांतील सोळा हजारांच्या आसपास जखमींची नोंद 2013 ते 2015 मध्ये एकत्र झाली, पण तीत भेदक जखमांचा वाटा लहानच होता.

रक्ताच्या दोन पिशव्यांचा प्रश्न मात्र उरतोच, आणि 'सर्वांना सर्व द्या' हे त्याचे उत्तर नाही. तेव्हा सुधारित प्रस्ताव असा : नाडी भागिले बीपी, सोनोग्राफीत द्रव आहे की नाही, आतापर्यंत दिलेले सलाईन किती, आणि जखम केव्हा झाली. हे चारच आकडे, तेही पहिल्या पाच मिनिटांत, आणि ते रुग्णाला पुढे घेण्यासाठीच वापरायचे, मागे ठेवण्यासाठी कधीही नाही.

रात्रपाळी :
'मागे ठेवण्यासाठी कधीही नाही' हे कागदावर ठळक छापणार असाल, तर माझा विरोध संपला. आणि सलाईनचा रकाना चांगला आहे. त्याशिवाय बीपीला अर्थच नाही.

भूलतज्ज्ञ :
माझा पूर्ण संपलेला नाही. दोन पिशव्या आणि तीन रुग्ण अशी रात्र येईल तेव्हा एकाला पुढे घेणे म्हणजे दुसऱ्याला मागे ठेवणेच आहे. छापील वाक्याने ते टळत नाही. त्या वेळी निर्णय कोणी घेतला त्याचे नाव आणि वेळ कागदावर यावी, एवढे तरी करा.

तालुका_आरएमओ :
चौथ्या रकान्याविषयी एक सावधगिरी. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जखमेपासून तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, आणि तीन तासांनंतर दिल्यास ते वाढलेले दिसले, हे क्रॅश-2 मधूनच आले आहे. म्हणजे जखमेची वेळ ही केवळ नोंद नाही, तिच्यावर इंजेक्शन अवलंबून आहे. आमच्याकडे नातेवाईक एक वेळ सांगतात, पोलिसांच्या कागदावर दुसरी असते, आणि रुग्ण शुद्धीत असला तर तिसरी. कालच मी मागील सहा महिन्यांचे एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणांचे) रजिस्टर काढून बसलो. 'जखम झाल्याची वेळ' हा रकाना त्यात आजही छापलेला आहे, आणि बहुतेक ओळींत तेथे रुग्ण दाखल झाल्याची वेळच लिहिलेली आहे. काही माझ्याच अक्षरात.