शब्दचर्चा: ‘रूपांतर’, ‘आधारित’ की ‘बेतलेले’? आणि बेचाळीसची ‘परापर’

चिमूर तालुका:
आमच्या आजोबांच्या वहीवरून गावचं मंडळ यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री नाटक करणार आहे. वहीवर त्यांनीच लिहिलंय, ‘माझी हकिगत’. हँडबिलावरून घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात ‘आत्मचरित्राचे नाट्यरूपांतर’ छापा. पण वहीत बालपण, लग्न, शेती काहीच नाही. १६ ऑगस्ट १९४२ ची नागपंचमी, म्हणजे ‘छोडो भारत’मध्ये चिमूर पेटलं तो दिवस, ते तुरुंगातून सुटका, एवढंच. शिवाय आम्ही दोन प्रवेश नवे घातले आणि तीन भावांचा एकच भाऊ केला. याला रूपांतर म्हणायचं का?
दुसरी शंका नाटकाच्या नावाची. आजोबा पानोपानी ‘क्रांती’ लिहितात. आजी मात्र शेवटपर्यंत ‘परापरीचं साल’, म्हणजे पळापळीचं साल, म्हणायची.

अमरावती:
आत्मचरित्र नाहीच ते. ‘रूपांतर’ आपल्या रंगभूमीवर आधी परभाषेतल्या नाटकांसाठी रुळलं: कथा तिकडची, माणसं नि गावं इकडची. कादंबरीवरून किंवा आठवणींवरून नाटक केलं की ‘नाट्यरूपांतर’. हा शब्द वाचल्यावर प्रेक्षक धरून चालतो की मूळ प्रसंग बहुतेक शाबूत असतील. तीन भावांचा एक केलात, तिथं हे गृहीत मोडलं. ‘आधारित’ चुकीचं नाही, पण ‘सत्य घटनेवर आधारित’ इतक्या पोस्टरांवर वाचलंय की त्यातला ‘सत्य’ आता कुणी मनावर घेत नाही.
मी ‘बेतलेले’ म्हणेन. शिंपी कापड बेततो तेव्हा कापड तेच असतं, माप मात्र घालणाऱ्याचं. कातरण खाली पडतं आणि ते कुणी लपवत नाही. ‘हकिगतीवर बेतलेले नाटक’ छापा. ‘नाट्यीकरण’ कुणी सुचवलंच तर सरळ नाही म्हणा, तो कार्यालयातला शब्द आहे.

वरोरा:
‘हकिगत’ बदलू नका एवढंच सांगायला आलो. एकाने मला खासगीत ‘कैफियत’ सुचवलं. कोर्टात प्रतिवादी लेखी देतो ती कैफियत. तिच्यात आपली बाजू मांडणं येतं. आजोबांना बचाव करायचा नव्हता, घडलं ते सांगायचं होतं. ‘हकीकत’ की ‘हकिगत’ यावर वेळ घालवू नका, त्यांनी जसं लिहिलं तसं.

नागपूर:
नावाचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण बेचाळीसचा प्रत्येक शब्द कुणाच्या ना कुणाच्या बाजूचा आहे. सरकारी कागदांत दंगा, चळवळीत क्रांती, आता पाठ्यपुस्तकात उठाव. आष्टी-चिमूर खटल्यात फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या कार्यकर्त्या अनसूयाबाई काळे झटल्या, आणि शिक्षा पुढे जन्मठेपेवर आल्या. फाशीच्या छायेत जगलेल्या माणसाने ‘क्रांती’ लिहिलं असेल तर त्याच्या तोंडी तोच शब्द राहू द्या. ‘दंगल’ मात्र टाळा. आपल्याकडे आमदंगल म्हटलं की कुस्त्या. अर्धं गाव पैलवान बघायला येईल.
जुन्या मराठीत ‘धामधूम’ म्हणजे स्वाऱ्या, लुटालूट, बेबंदशाही. तो शब्द मला फार आवडतो, पण आता त्याला फक्त लग्नाचा वास येतो. गेला तो.

अमरावती:
आणि ‘पळापळ’ कुणाच्या बाजूचा?

नागपूर:
घरात मागे राहिलेल्यांच्या. म्हणूनच तो हवा. त्या दिवशी गावकऱ्यांच्या आणि पोलिसांच्या चकमकीत दोन्हीकडची माणसं मेली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर फौज आली, पुरुषांची सरसकट धरपकड झाली आणि बायका एकट्या सापडल्या, हे सांगताना आवाज खाली येतो. त्यांच्यावरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं. आजीचं ‘परापरीचं साल’ या दुसऱ्या भागाचं नाव आहे. आजोबा तेव्हा तुरुंगात असतील तर वहीत तो भाग असणारच नाही, आणि तुमच्या दोन नव्या प्रवेशांची जागा नेमकी तीच असावी असा माझा अंदाज.

चिमूर तालुका:
अंदाज बरोबर. दोन्ही प्रवेश आजीचेच आहेत. आत्या सांगते तसे लिहिले. काकांचा विरोध खरं तर हँडबिलाला नाहीच, या प्रवेशांना आहे. ‘बाबांनी लिहिलं नाही ते आपण कशाला दाखवायचं’ म्हणतात.

अमरावती:
मग ‘हकिगतीवर’ एवढंच छापणंही पुरं नाही. ‘आजोबांची हकिगत आणि आजीची सांगी यांवर बेतलेले’ असं काही करा. ‘सांगी’ म्हणजे तोंडी सांगितलेलं. कमी वापरात आहे, तरी वाचणाऱ्याला कळेल.

वरोरा:
‘सांगी’ हँडबिलावर ‘सांगली’ छापून येईल. ‘आजीच्या आठवणी’ म्हणा.

वडसा:
इथं सिझनभर नाटकांची ये-जा बघतो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. आजीच्या तोंडी ‘पळापळ’ लिहू नका. झाडीबोलीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या बोलीत, ‘ळ’ नाही, तिथं ‘र’ येतो; काळा नाही, ‘कारा’. म्हणून ‘परापर’, ‘सारे मानसं रानात पराले’. वऱ्हाडातली नटी आणलीत तर ती सवयीने ‘पयापय’, ‘पयाले’ म्हणेल. अमरावतीकरांना ते गोड वाटेल, पण चिमूरच्या मांडवात लोक हसतील, तेही नको त्या प्रवेशात. आपल्याकडे नट प्रॉम्प्टरवर चालतो आणि प्रॉम्प्टर समोरच्या कागदावर. संहितेत जे अक्षर असेल तेच रात्रभर ऐकू येणार. आजोबांचे संवाद पुस्तकी ठेवले तरी चालेल, त्या पिढीचे कार्यकर्ते भाषणात तसंच बोलत. आजीचे मात्र आत्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि जिथं ती अडेल तिथं तिचा शब्द घाला.
नाव ‘परापर’ ठेवलंत तर खाली बारीक अक्षरात ‘चिमूर १९४२’ टाका. नाहीतर बाहेरगावचे लोक ‘परात्पर’ वाचून कीर्तन समजतील.